देव गेले, तुम्ही राहिलात

आण्णा, आई ख्रिश्चन झाली. दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच सांगतो, कारण हुपरीत बातमी फिरायला वेळ लागत नाही आणि दर घरी ती थोडी फुगते. कुणी म्हणतं तिला भूल घातली, कुणी म्हणतं सुनेच्या जाचाला कंटाळून गेली. हे दुसरं ऐकून माझ्या बायकोनं दोन दिवस भांडी आपटली. तसं काही नाही. आई पूर्ण शुद्धीत, राजीखुशीनं, गेल्या रविवारी चारचौघांसमोर पाण्यात उतरली. तिचं काय व्हायचं ते ती बघेल. मला घोर लागलाय तो तुमचा. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती, आता ती बसनं कोल्हापूरला कॉलेजात जाते, आणि इतकी वर्षं तुमची जागा आपल्या देव्हाऱ्यात ठरलेली होती. ती आता उरली नाही.

संशय ही आपल्या घरातली वडिलोपार्जित इस्टेट आहे. तुम्ही चांदीचा टंच काढायचात, खरी किती आणि भेसळ किती ते. कुणी जुने पैंजण मोडायला आणले की तुम्ही आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचात, मग कानशीनं एक कोपरा घासून आतला रंग. एकदा थोरल्या काकांनी आणलेली चांदीही तुम्ही तशीच घासलीत, त्यांच्यासमोर. मी तेव्हा शाळेत होतो. काका गेल्यावर मी म्हटलं, "काका हायत की ते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "घरचा हाय म्हणून तर आदी बघायचं. परक्याचं खोटं निगालं तर नुसती चांदी जाती." पुढचं तुम्ही बोलला नाहीत. मला ते कळायला फार वर्षं लागली, पण सवय मात्र त्याच दिवशी लागली.

म्हणून आई रविवारी सकाळच्या बसनं कोल्हापूरला जायला लागली तशी मी तिच्यावर पाळत ठेवली. आपल्या गल्लीत एक नर्स भाड्यानं राहायला आली होती, ती तिला घेऊन जायची. आधी वाटलं भजन असेल, बायकांना तेवढाच विरंगुळा. मग आईनं मंगळवारचा उपास बंद केला. मग फोनवर बायबल लावून ती पैंजणांची घुंगरं ओवत बसायला लागली. तिला वाचायला नीट येत नाही, म्हणून फोन वाचायचा आणि ती मध्येच थांबवून तेच वाक्य पुन्हा लावायची. एकदा ती काकूकडे गेली आणि कधीकाळच्या एका भांडणाची माफी मागून आली. काकू इतक्या घाबरल्या की त्यांनी मला फोन केला, "तुज्या आईला काय दुखतंय बिखतंय का?" मलाही तेच वाटलं. माणूस असा एकाएकी चांगला व्हायला लागला की मला त्यात काहीतरी भेसळ दिसते.

एका रविवारी मोटारसायकल काढून मी बसच्या मागोमाग गेलो. कळंब्याकडे एक पत्र्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर चपलांचा ढीग. मी खिडकीशी उभा राहिलो. आत लग्न होतं. नवरी वाकली आणि पास्टरनं आईला पुढं बोलावलं. आपल्या आईला, आण्णा. तुम्ही गेल्यानंतर काकांच्या मुलीच्या लग्नात हळदीची वेळ आली तशी ती आपणहून आत भांड्यांकडे गेली होती आणि कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. इथं तिनं नवरीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात विनवणी होती, पण केविलवाणेपणा नव्हता, आणि समोरच्याचं आपल्याकडे लक्ष आहे याची पक्की खात्री होती. लोक "आमेन" म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मनात म्हटलं, हे लोक हिला एवढं देतायत, म्हणजे यांना काहीतरी मोठं पाहिजे.

श्रावण लागायच्या आधी एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर देव्हारा रिकामा. धुऊन पुसून लख्ख केलेला आणि आत काही नाही. खंडोबाचा चांदीचा टाक नाही, जोतिबाचा नाही, अंबाबाईचा नाही, तुमचाही नाही. मी चहासुद्धा न घेता तसाच कळंब्याला गेलो. पास्टर हॉलमागची पाण्याची टाकी घासत होते, हात कोपरापर्यंत शेवाळानं हिरवे.

"आमचं टाक कुटं हायत?" मी विचारलं.

"आमच्याकडं न्हाईत, पावणं. आमी कुणाचं देव गोळा करत न्हाय. आईस्नी इचारा की."

"तुमाला तिच्याकडनं नेमकं पायजे काय?"

ते जरा हसले. "आल्या की समद्यांचा च्या त्याच करत्यात. आमी नको म्हटलं तरी ऐकत न्हाईत."

मी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. काही सापडलं नाही. न सापडल्यामुळे संशय वाढला.

आई घरी तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "थोरल्या घरात दिलं. तितं पूजा हुती. मी करणार न्हाय, मग देवास्नी माज्याकडं उपाशी कशाला ठिवू?"

"आन् म्हाळ? पितृपक्षात आण्णांचं पान कोण वाढणार?"

"तू वाढ की. तुला हात न्हाईत व्हय?"

मी थोरल्या घरी, काकांकडे गेलो. आपले सगळे टाक त्यांच्या देव्हाऱ्यात ओळीनं मांडलेले होते. फक्त तुमचा नव्हता. वर्षश्राद्धाला तो मी स्वतः केला होता, बाजारातला घेतला नव्हता. अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर फेटा बांधलेला माणूस. तुम्ही जन्मात फेटा बांधला नव्हता, पण ठसा तोच मिळाला. तुमच्यासाठी भेसळ नको म्हणून मी शंभर नंबरी चांदी घेतली आणि तीच चूक झाली. शुद्ध चांदी मऊ असते. आईनं रोज घासून घासून तुमचे नाकडोळे पार पुसून टाकले. तो टाक आता काकांकडे नव्हता, म्हणजे तो मोडला असणार, किंवा पंचगंगेत सोडला असणार, कुणीतरी तिला तसं शिकवलं असणार. घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. "आण्णास्नी काय केलंस?" असंच ओरडलो मी. बायको आणि मुलगी दोघी बाहेर आल्या.

आई उठली. तिनं ट्रंक उघडली आणि साडीच्या घडीतून तुम्हाला बाहेर काढलं.

"देव दिलं," ती म्हणाली. "नवरा कुणाला दिऊ?"

मी टाक हातात घेतला. चांदी कापडात नुसती पडून राहिली तर काळवंडते, हे मी तुम्हाला काय सांगावं? तुमचा टाक आरशासारखा होता. म्हणजे तो रोज बाहेर निघत होता. मी तिला पकडल्यासारखं म्हटलं, "पूजा सोडली म्हणतीस, मग ह्यो रोज कोण घासतंय?"

"पूजा न्हाय करत. पदरानं पुसतो आन् बघतो नुसतं. पास्टरला सांगितलंय मी. त्येंनी काय म्हटलं न्हाय."

मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर पहिल्या दिवसापासून माझ्या पोटात होता. "तू मेल्यावर तुज्या प्रभूकडं जाणार. मग आण्णा कुटं असतील? त्यास्नी तर हे कायच ठावं नव्हतं."

मला वाटलं ती पाठ केलेलं काहीतरी सांगेल आणि मग मी तिला धरीन. तिनं माझ्या हातातला टाक पदरानं पुसला. म्हणाली, "रोज इचारतो त्येला. अजून सांगितलं न्हाय." आणि रडली. आण्णा, त्या क्षणी मला तिचा तो प्रभू पहिल्यांदा खरा वाटला, निदान तिच्यापुरता. खोटा असता तर तिला त्याच दिवशी गोड उत्तर मिळालं असतं.

गेल्या रविवारी एका मळ्यातल्या हौदात बाप्तिस्मा होता. काका आले नाहीत. बायको आणि मुलगी आल्या. पांढऱ्या साडीत आई हौदाच्या काठावर आली आणि कमरेच्या पिशवीतून टाक काढून तिनं माझ्या हातात दिला. "तेवढा येळ धर," म्हणाली. पास्टरनं तिच्या पाठीला हात लावला, ती मागं झुकली, पाण्याखाली गेली. मी मूठ घट्ट आवळली. ती वर आली ती ठसकत, हसत, केस तोंडावर, आणि बायका गायला लागल्या. ती काठावर आली, माझ्यासमोरून गेली आणि त्या बायकांच्या गळ्यात पडली. माझी मुलगी तिला टॉवेल द्यायला धावली. इतकी मोकळी मी तिला तुमच्या हयातीतही पाहिली नव्हती, रागावू नका. मी मूठ पुढं करून उभा होतो. जेवणं झाली, बस आली, आम्ही घरी आलो. तिनं टाक मागितला नाही.

तेव्हापासून तुम्ही माझ्या शर्टाच्या खिशात आहात. बायको म्हणते देव्हाऱ्यात ठेवा, मोकळाच आहे. मी ठेवत नाही. आई रोज समोर बसते, घुंगरं ओवते, फोन ऐकते, मला जेवायला वाढते. ती विसरली, की तिला उत्तर मिळालं, की तिनं तुम्हाला जाणूनबुजून माझ्या हवाली केलं, हे एका शब्दात कळेल, आणि तो शब्द मी विचारलेला नाही. हे पत्रही कुठं टाकायचं नाहीच. पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. उद्या तिनं हात पुढं केला, तर मी तुम्हाला परत देईन की नाही, हे मला ठाऊक नाही.