टाकावरची नथ

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

देव्हाऱ्यातला कुलदेवीचा चांदीचा टाक पार झिजला, चेहराच उरला नाही, म्हणून उद्या सोनाराकडे मोडून नवा घडवायचा होता. त्याआधी फोटो तरी असावा. पण लेकीचा, प्राजक्ताचा, नवा कॅमेरा सारखा समईच्या ज्योतीवरच फोकस धरत होता. जवळून फोटो काढायची नवी लेन्स घ्यायला मी नाही म्हटलेलं, म्हणून तिने मामंजींची हाताने फोकस करायची जुनी लेन्स त्यावर बसवली.

"आई, लेन्सवरचं हे फोकसचं कडं तूच फिरव. हळू."

मी? फिरवलं. स्क्रीनवर आधी सगळं धूसर, मग डोळे, मग नथ! पुन्हा फिरवलं, पुन्हा नथ!

"अगं, हिला नथ आहे!" मी ओरडलेच.

हे म्हणाले, "मग सोनाराला काय सांगू?"

"सांगा, आमची देवी घरातच आहे."