थेट पेटीतून

४ फेब्रुवारी, रविवार
आजपासून साखर बंद. फक्त मध. तोही दुकानातला नाही, थेट मधमाश्या पाळणाऱ्याकडून. दुकानातल्या मधावर विश्वास ठेवणारा माणूस कशावरही विश्वास ठेवेल. हे वाक्य बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, मागच्या वर्षी चालायचे बूट आणले होते, ते कुठे आहेत?

सकाळी गेलो. कॉलनीच्या मागच्या भिंतीपलीकडे पडीक मैदान. पत्र्याच्या शेडपाशी अठरा पेट्या. पाळणाऱ्या एक बाई आहेत. साठीच्या, एकट्या. मी त्यांना मधाविषयी वीस मिनिटं माहिती दिली. त्यांनी ऐकून घेतली. मग विचारलं, बरणी आणलीत का? रिकामी बरणी आणली तरच मध, असा नियम. घरी येऊन बरणी नेली. भरलेली बरणी त्या रद्दीत गुंडाळून देतात. माझ्या वाट्याला कुणाची तरी गणिताची उत्तरपत्रिका. नापास.

कुठे राहतो ते सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अहो, तुमची ती पिवळ्या फुलांची झाडं! त्यांच्यावरच तर माझं घर चालतं. बोलायची पद्धत असते एकेकाची. मी म्हणालो, बाग समितीचा अध्यक्ष मीच.

९ फेब्रुवारी
ऑफिसात ‘आमच्या मधवाल्या बाई’ असा उल्लेख तीनदा केला. तिसऱ्यांदा बॉसनी ऐकला. त्यांना बारा बरण्या हव्यात, डायरेक्टर मंडळींना भेट द्यायला. शब्द दिला. बढतीची यादी मार्चअखेर लागते. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही.

१० फेब्रुवारी
बाईंकडे बारा रिकाम्या बरण्या पोचवल्या. पंधरा मार्चपर्यंत भरून देते म्हणाल्या, झाडं फुलावर राहिली तर. हा ‘तर’ मला आवडला नाही. धंद्यात ठामपणा हवा. तसं सांगितलं.

१८ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
बाल्कनीत मधाचा चहा. एक माशी कपात. दुसरी कानाला चावली. कान बटाट्याएवढा. बायको म्हणाली, एवढा मोठा झालाय, आता तरी ऐकू येईल.

सकाळी ८
कानाला मध लावला. नैसर्गिक उपचार.

सकाळी ८.१५
आणखी दोन आल्या.

१९ फेब्रुवारी
बाग समितीची तातडीची बैठक. हजर : मी. ठराव एकमताने मंजूर. पिवळ्या झाडांवर फवारणी. बायको म्हणाली, त्या बाईंच्याच माश्या असतील हो. हसू आलं. बाईंच्या माश्या पेटीत राहतात. पाळलेल्या आहेत. या भटक्या.

२० फेब्रुवारी
माळी आडवा आला. साहेब, झाड फुलावर आहे, पंधरा दिवस दम धरा. नाहीतर संध्याकाळी तरी मारू, माश्या घरी गेल्यावर. माश्या घरी गेल्यावर! माळी नेमलाय की कवी? सकाळी नऊ म्हणजे नऊ, मी स्वतः देखरेखीला उभा राहीन, असं बजावलं.

नोटीस टाईप करून फलकावर लावली. ‘सर्व कीटकांचा समूळ बंदोबस्त.’ खाली माझी सही, मार्कर पेनने. ठळक आली.

२१ फेब्रुवारी
फवारणी झाली. देखरेखीला जाता आलं नाही. कान.

२३ फेब्रुवारी
बाल्कनीत एकही माशी नाही. चहा निवांत घेतला. समितीने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं!

२४ फेब्रुवारी
बरण्यांची आठवण करून द्यायला बाईंकडे गेलो. पेट्यांपुढे जमिनीवर काळपट थर. वाटलं, चहाची पावडर सांडली. बाई केरसुणीने गोळा करत होत्या. अठरातल्या तीन पेट्या उरल्या, म्हणाल्या. कुणीतरी भर सकाळी फुलांवर औषध मारलं. तुमच्याच बाजूला असणार. बघाल का जरा, कोण ते?

मी संतापलो. असा बेजबाबदार माणूस शोधलाच पाहिजे म्हणालो. चौकशी जातीने करायचं वचन दिलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून बरं.

परतताना रस्ता लांब वाटला. बूट चावत असावेत.

२५ फेब्रुवारी
चौकशी सुरू. शक्यता : वारा, पलीकडची कॉलनी, माळी. माळी सर्वांत पटण्यासारखा. औषध त्याच्याच हातून मारलं गेलं, हे नाकारता येणार नाही. बायकोने विचारलं, आणि नोटीस? नोटीस काढायला पहाटेच खाली गेलो होतो. कुणीतरी आधीच काढलेली. कामं आपोआप होतात कधीकधी.

२७ फेब्रुवारी
बॉसनी विचारलं. मध अजून पिकतोय म्हणालो. संध्याकाळी दुकानातून मधाच्या मोठ्या बाटल्या आणल्या. बाईंकडून बरण्या परत आल्या की त्यांत ओतायचा. बाटल्यांवर ‘शुद्ध’ लिहिलंय. उगाच कोण लिहील?

१ मार्च
बरण्या आल्या. बाराच्या बारा. माळी घेऊन आला. बाईंनी उरलेल्या तीन पेट्या सकाळी टेम्पोत घातल्या, म्हणाला, आणि बहिणीकडे गेल्या. कायमच्या. निरोप एवढाच : बरण्या धुतल्या आहेत, आणि साहेबांना म्हणावं, आता चौकशीची तसदी नको. निरोप देताना माळी माझ्याकडे नाही, कानाकडे बघत होता.

प्रत्येक बरणी रद्दीत गुंडाळलेली. बायकोने एकेक सोडवली. अकरा उत्तरपत्रिका. बारावा कागद तिने टेबलावर ठेवून तळहाताने सपाट केला, माझ्याकडे सरकवला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

सही खरंच ठळक आली आहे.

चहात दोन चमचे साखर.