टॉवेलाखालचा हात

निपाणी, फेब्रुवारी १९७८, गुरुवार

शेवटी आज मालकांना बोललो. "अण्णा, सौद्याचा ताण आला की माझ्या हाताचं कातडं सोलतंय. डॉक्टर म्हणतात, ताण टाळा. यंदाच्या हंगामात मला वजनकाट्यावर बसवा."

तंबाखूचा भाव आम्ही टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतो. माझी बोटं धरताना व्यापारी आता कचरतात. हा रोग लागत नाही, हे किती जणांना सांगत बसू? ते कचरले की मला ताण, आणि ताण आला की कातडं आणखी सोलतं.

अण्णा लगेच म्हणाले, "व्हय रं, बस की काट्यावर. त्यात काय लई मोठं?"

इतकं सोपं? मग चैन का पडत नाही?

खांद्यावरचा टॉवेल मी सवयीनं पुढं केला. इथं टॉवेलाखाली हात मिळाल्याशिवाय कुठलाच शब्द पक्का नसतो. अण्णांनी हात सदऱ्याच्या खिशातच ठेवला. "च्या घेतोस काय?" म्हणाले.

तो टॉवेल अजून डोळ्यांसमोर आहे, तसाच पुढं धरलेला. शब्द फिरवायचा असेल, म्हणूनच अण्णांनी हात दिला नसेल. तसंच असू दे. काटा नाही मिळाला तरी चालेल, पण माझ्या हाताला अण्णाही कचरले, असं नको.