पुढच्या डाव्या चाकातली हवा

२ जून

चि. सौ. धाकटीस, दादाचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? यजमानांचा खोकला थांबला का? सूनबाईची पाठ बरी आहे ना? आणि नातीचा हलणारा दात पडला, की अजून जिभेने चाळवतेच आहे?

माझा उजवा खांदा अजून आखडलेलाच. डॉक्टर म्हणतात, रोज भिंतीवर बोटं चढवत न्या. मी काय पाल आहे? हात सरळ वर जाईपर्यंत गाडी चालवायची नाही, अशी तंबीही दिली आहे. महिनाअखेर तपासणार. तोवर नाही जमलं तर गाडी जावयाला देऊन टाकू, असं तुझी वहिनी परवा ताट वाढता वाढता म्हणाली. मी दुसरी पोळी घेतलीच नाही.

त्यात हे नवं झेंगट. उभ्या गाडीचं पुढचं डावं चाक रोज सकाळी बसलेलं असतं. तसंच राहिलं तर टायर कामातून जायचा, म्हणून रोज हाताच्या पंपाने हवा भरतो. पंक्चरवाला येऊन बघून गेला, पंक्चर नाही म्हणाला. मला शेजारच्या पोरांचा संशय आहे. लहानपणी माझ्या सायकलची हवा तूच सोडायचीस, म्हणून जाणकार समजून विचारतो.

तुझा,
दादा

९ जून

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गुडघे कुरकुरत चालतात. यजमान आता खोकत नाहीत, नुसते घोरतात. सूनबाई ठणठणीत. दात पडला, आणि हरवलाही.

पोरांवर उगाच आळ घेऊ नकोस. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लाव. बुडबुडे आले तर तिथून गळतंय. हवा सकाळी, चाक गार असताना मोज. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलंय, मनाने ठरवू नकोस. विजेचा पंप मात्र घरात आणायचा नाही. दोन्ही हातांनी, दांडा पुरता वर खेचून भर. का ते विचारू नकोस. आणि वहिनीला यातलं काही बोलू नकोस, तिला बिचारीला गाडीतलं काय कळतं?

तुझी,
धाकटी

१ जुलै

चि. सौ. धाकटीस, उरलेले आशीर्वाद.

बुडबुडे आले नाहीत. पण व्हॉल्व्हची टोपी पकडीशिवाय निघेना. इतकं घट्ट झाकण या घरात एकच माणूस लावतं. तिने बंद केलेल्या बरण्या मी आयुष्यभर उघडत आलो आहे. तरी पंप मारत राहिलो.

गेल्या आठवड्यात वहिनी लेकीकडे राहायला गेली. सकाळी बघतो तर चाक टम्म. पंप हातात धरून उभा राहिलो, चैन पडेना. इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःच हवा सोडली. ती परतली तेव्हा मी घामाघूम होऊन पंप मारत होतो. ती चाकाकडे बघे, माझ्याकडे बघे. विचारणार तरी काय?

काल डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला. थेट कानाला टेकला. गाडी माझीच राहिली. जावयाने ती पुसायला आणून ठेवलेलं नवं फडकंही मी ठेवून घेतलं.

आता वहिनी शेजारच्या पोरांवर डोळा ठेवून आहे. जाणकार म्हणून ती तुलाच लिहील. तिला काय सांगायचं ते ठरवायला हवं, तेव्हा तिच्या पत्राआधी तुझं पत्र येऊ दे. लोभातली हवा कमी होऊ देऊ नये.

तुझा,
दादा