राहिलेली फुली

सोमवार, ४ मार्च
साहेबांनी पाण्याच्या मीटरच्या वहीत नवा रकाना आखलाय. घरातली प्रार्थना आपल्याहून वेगळी असेल तर फुली मारायची. "पाण्याचा नि देवाचा काय संबंध, साहेब?" विचारलं. म्हणाले, "वरून आलंय. तू घरात जातेस, तुला दिसतं." दिसतं खरं. मीटर स्वयंपाकघरात, नि घरच्यांचा प्रार्थनेचा कोपराही तिथेच. या गावची घरं माझ्याइतकी कुणाला माहीत आहेत!

बुधवार, ६ मार्च
मागची गल्ली संपवली. सगळी वेगळ्या प्रार्थनेची घरं, फुल्या मारत गेले. शिंपीणताईकडे नेहमीसारखा चहा. माझ्या लेकीचे लग्नातले कपडे तिनेच शिवले होते. तीही त्यांच्यातलीच, पण तिच्या नावापुढे फुली मारली नाही. का कोण जाणे, मनात पाल चुकचुकली.

सोमवार, ११ मार्च
विशेष काही नाही. पाय दुखतात.

गुरुवार, १४ मार्च
सकाळी मागच्या गल्लीत गेले तर नळ कोरडे. भिंतीवर कागद डकवलेले — 'फुली असलेल्या घरांचं पाणी बंद.' माझ्याच वहीच्या पानांच्या झेरॉक्स, जशाच्या तशा! दर महिन्याला प्रत्येक मीटरच्या कार्डावर मीच आकडे लिहिते. माझं अक्षर तिथल्या पोराटोरांनाही ओळखू येतं. एका म्हातारीने मला बघून दार लावून घेतलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

साहेब म्हणाले, "तू फक्त लिहिलंस. तोडलं दुसऱ्यांनी."

शनिवार, १६ मार्च
गल्लीत एकच नळ चालू, शिंपीणताईचा. म्हटलं, निदान एक घर तरी वाचवलं. पण तिच्या दारात एक बादली नाही. ती सगळ्यांना हाका मारत होती, "या गं, भरून न्या." शेजारीण तोंडावर म्हणाली, "मीटरवालीला चहा पाजत होतीस ना? आमची घरं तूच दाखवलीस." सख्ख्या भावानेही तिचं पाणी घेतलं नाही. पोरांना घेऊन ओढ्याकडे चालत गेला. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते, सगळं ऐकलं. खरं सांगायला एक पाऊल पुढे टाकलं नाही. वाचवलं म्हणे! आगीतून फुफाट्यात टाकलं तिला.

सोमवार, १८ मार्च
शिंपीणताई ऑफिसात आली. बस म्हटलं, बसली नाही. टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली.

"माझी फुली राहिलीये. तुझ्याच हाताने मार."

मारली.