मालक बाहेरगावी

ता. ४ मार्च

चार दिवस मी ट्रॅक्टर धूत होते आणि तुझ्या पत्रात त्याबद्दल अर्धी ओळ नाही. तुझ्या त्या देशाला आपली माती चालत नाही म्हणे, चिमूटभरसुद्धा. टायरच्या खाचा मी विणायच्या सुईने कोरल्या. म्हातारी ट्रॅक्टरचे दात घासते म्हणून शेजारीण हसली. तू आधी तुझ्या नवऱ्याचे घास, असं तिला सांगितलं.

असो. चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबाचा ट्रॅक्टर आज ट्रेलरवर चढला. सीमेवर दाखवायचा फॉर्म मेकॅनिकने भरला. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. डाव्या ब्रेकला जोर लागतो. सीटची गादी फाटली होती, फेकली. तुझ्या आईला नवी शिवायला सांग. मी जेवते, झोपते.

जीव लावतोस तसा लावत जा.
तुझी आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

ट्रॅक्टर सीमेवर अडकला आहे. मातीमुळे नाही. तपासनिसाने मडगार्डखाली पांढरं फडकं फिरवलं, ते पांढरंच निघालं. अडलं फॉर्मवर. मालक म्हणून बाबांचं नाव आणि पुढे 'बाहेरगावी गेले आहेत'. आले की त्यांनाच सहीला पाठवा, असं तो म्हणाला.

आजी, बाबांना जाऊन अकरा महिने झाले. मृत्यूचा दाखला तू अजून काढलाच नाहीस, हे मेकॅनिककडून कळलं. दाखला मिळाला तर ट्रॅक्टर आईच्या नावावर होईल, तिची सही चालेल. पंचवीस तारखेपर्यंत नांगरट झाली नाही, तर इथला शेतमालक आम्हाला दिलेली जमीन दुसऱ्याला कसायला देणार आहे.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझा भोपळ्या

ता. १७ मार्च

मेकॅनिकच्या तोंडात तीळ भिजत नाही.

चि. भोपळ्यास आशीर्वाद. तुझा बाबा वर्षातले आठ महिने लोकांची कापणीयंत्रं चालवायला जायचा. कोणी विचारलं की माझ्या तोंडी तेच यायचं. मेकॅनिकने विचारलं, तेच आलं.

काल कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने नातं विचारलं, तारीख विचारली. सांगितली. त्याने शिक्का मारला, तो नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला. एवढंच काम होतं. रडू आलं नाही. येताना साबण घेतला, तो नको तो निघाला.

ट्रेलरवाला उद्या तिकडेच निघतोय. दाखला त्याच्या हाती देते आहे. पाकीट लहान, म्हणून घडी नेमकी नावावर पडली.

आता सही तुझ्या आईची. अकरा महिन्यांत तिची मला एक ओळ नाही. मीही लिहिली नाही. दोघी सारख्याच.

आहे तो लोभ सांभाळा.
तुझी आजी

ह्याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. सही केली की नाही, ते तिने स्वतःच्या हाताने लिहून कळवायचं.