उत्तरेकडे डोकं

तंजावूर, राजवाड्यामागची गल्ली

तीर्थरूप अण्णांच्या पायी चंद्रमतीचा दंडवत. कामाक्षीच्या कृपेनं इकडे सगळ्यांची प्रकृती बरी आहे, माझं डोकं सोडून. वहिनींचा गुडघा कसा आहे? घरचं तिळाचं तेल कोमट करून चोळा, विकतच्या मलमाला पैसे घालू नका.

डोकेदुखीचं कारण तुमची भाची. विनुता शर्यतीत उताणी पोहते हे तुम्हांला ठाऊक आहेच. (आकाशाकडे बघत जायचं, धडकणार कुठे ते देवाला माहीत.) ह्या शर्यतीला वरून उडी नसते. पाण्यात उतरून, भिंतीकडे तोंड करून काठावरच्या ठोकळ्याची दांडी धरायची, पाय भिंतीला टेकवायचे, नि शिट्टी झाली की डोकं मागे झोकून, पाठीची कमान करून पलीकडच्या भिंतीकडे झेपावायचं. बाकीच्या मुली सुळकन जातात. आमची मान वाकडी करून खांद्याकडे बघते नि पाण्यावर धपकन बसते, जेवायला पाटावर बसावं तशी! पुढे हात असे चालवते की दोघी-तिघींना गाठते, पण तोवर पहिल्या पोचलेल्या असतात.

तिला शिकवणारे कृष्णमूर्ती सार (माणूस भला, पण आवाज देवळातल्या तवील-ढोलाच्या वर) महिनाभर ओरडले, "मान मागे टाक, मान!" पाय वर लावून पाहिले, खाली लावून पाहिले. शेवटी म्हणाले, तिरुचीच्या निवडीत अशीच बसली तर संघातून नाव काढीन. पोरगी घरी येऊन जेवली नाही. चिंच घालून पुळियोदरै केलेला भात तसाच पडून राहिला, अण्णा! मग मी खनपटीलाच बसले, तुझ्या मानेला झालंय काय म्हणून. तर म्हणते कशी, "पलीकडची भिंत उत्तरेला आहे ना, अम्मा. उत्तरेकडे डोकं करून उताणं पडू नये, तूच सांगतेस."

घ्या! संध्याकाळी देवापाशी दिवा लाव म्हणून घसा कोरडा केला, ते शिरलं नाही. जेवलेलं ताट उचल, तेही नाही. माझ्या सगळ्या शिकवणीतलं हे एवढंच रुतलं, तेही मानेत. (एकदा पोहायला लागलं की दोष नाही, असं शास्त्र तिनं आपलं आपणच लावलंय.) म्हटलं, "अगं, तो नेम झोपायचा, पोहायचा नव्हे." "मग परवा मी पडून नुसती वाचत होते, तर चटई का फिरवलीस?" फिरवली होती. पुन्हाही फिरवीन. सारांना जाऊन सांगितलं, तर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

शनिवारी निवड आहे. घरी नवरात्राचा कोलू मांडलाय, त्या बाहुल्यांना एकट्या टाकून मला निघवत नाही. तेव्हा विनुता शुक्रवारी तिरुचीला तुमच्याकडे येईल. माझं मागणं काही नाही, मन मोकळं केलं इतकंच.

ता. क. तिथलाही तलाव दक्षिणोत्तर आहे, असं सार म्हणतात. तुमची त्या मंडळींशी ओळख आहे. शर्यत उत्तरेच्या टोकाकडून सुरू करायला सांगाल काय? सगळ्याच मुलींची डोकी दक्षिणेकडे होतील, पुण्य सगळ्यांनाच.

पुन्हा ता. क. हे म्हणतात, ठोकळे सिमेंटात बसवलेले असतात, भलतंसलतं लिहू नको. तर वरचं राहू द्या. विनुताला तिरुचीच्या दिशा ठाऊक नाहीत. तिनं विचारलं, तर पलीकडची भिंत पूर्वेला आहे म्हणून सांगा. मी सांगून पटायचं नाही. कारल्याचं सांबार वांग्याचं म्हणून वाढलं, तेव्हापासून घरात माझा शब्द चालत नाही. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत हे ती जाणून आहे, म्हणून तर तुम्हांलाच गळ घालते. पाप लागेल ते माझ्या नावावर. शर्यत भर बाराला आहे. सूर्य डोक्यावर असेल, तो चुगली करायचा नाही.